ना पॉम, ना गावठी

मानवतमध्ये लहान चणीचं कुत्रं घरात येतं ते बहुतेक वेळा 'पॉम' म्हणून. परभणीला नोकरीला असलेला कुणी मेहुणा, नांदेडला शिकणारी भाची, सेलूच्या कुणाकडे कुत्री व्याल्याची बातमी, आणि मग एका रविवारी खोक्यात जुन्या टॉवेलवर बसून आलेलं पांढरं पिल्लू. आणणारा सांगतो, "प्युअर आहे, आई पॉम आहे." बापाबद्दल कुणी काही बोलत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात उत्तर आपोआप मिळायला लागतं. पाय लांबतात, एक कान उभा राहतो आणि दुसरा अर्ध्यात मोडतो, पाठीवर तांबूस डाग उमटतो. गल्लीतले लोक थांबून विचारतात, "हे नेमकं कोणत्या जातीचंय हो?"

या प्रकरणात बोलायचं आहे ते याच कुत्र्याबद्दल. पाच ते नऊ किलो वजनाचं, मांडीवर मावणारं, माणसाला चिकटून राहणारं, आणि ज्याचा वंश कुणालाच धड सांगता येत नाही असं. जातिवंत कुत्र्यांवर पुस्तकं पुष्कळ आहेत. गल्लीतल्या कुत्र्यांवर आता बऱ्यापैकी लिहिलं-बोललं जातं. मधलं हे क्रॉसचं कुत्रं मात्र दोन्हीकडून सुटतं, आणि तालुक्याच्या गावात घरात वावरणारं लहान कुत्रं पाहायला गेलात तर हेच दिसेल.

मुळात आपण ज्याला पॉम म्हणतो ते सहसा पॉम नसतंच. खरं पॉमेरेनियन दोन-तीन किलोचं असतं. आपल्याकडे वाढलेलं पांढरं, टोकदार तोंडाचं, केसाळ कुत्रं म्हणजे इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथे ही जात घडली आणि पिढ्यांमागून पिढ्या इथल्या उन्हात टिकली. परदेशातून कुत्री आणणं अवघड होतं त्या काळात मध्यमवर्गीय घरांत याच कुत्र्याची चलती होती. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीने उरलीसुरली कसर भरून काढली. टफीचं काम करणारं कुत्रं स्पिट्झच होतं, पण लोकांनी त्याला पॉम ठरवलं आणि ते नाव चिकटलं. पुढे २००३ च्या सुमारास मोबाइलच्या जाहिरातीतल्या पगने वेड लावलं, मग ल्हासा अप्सो आले, शिह त्झू आले. मोठ्या शहरातून लहान शहरात आणि तिथून तालुक्याला येईपर्यंत हे सगळे एकमेकांत मिसळले, गल्लीतल्या कुत्र्यांतही मिसळले. आज आपल्या दारात उभं असलेलं पिल्लू या सगळ्या मिसळीतून आलेलं आहे.

मिसळ म्हणजे काय हे मानवतच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हे कापसाचं गाव. हंगामात बाजार समितीत गाड्यांची रांग लागते, जिनिंगमधून पांढरी धूळ उडते. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, सूरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली काढला. आपल्या शेजारच्या नांदेडच्या संशोधन केंद्रातून आलेला एनएचएच-४४ मराठवाड्यातल्या शिवारांनी वर्षानुवर्षं पाहिला. संकरित वाणाची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरली की काय होतं, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पहिल्या पिढीचं शेत एकसारखं दिसतं. राखलेल्या बियाण्याचं शेत फुटतं: एक झाड उंच, एक खुजं, एकाला बोंडं लवकर, एकाला उशिरा.

कुत्र्यांतही नेमकं हेच घडतं. शुद्ध पॉम आणि शुद्ध पग यांची पहिली पिढी बरीचशी एकसारखी निघेल. पण आपल्याकडची पिल्लं तिसऱ्या, चौथ्या, कधी दहाव्या पिढीतली असतात. म्हणून एकाच विणीतलं एक पिल्लू पाच किलोवर थांबतं आणि त्याचाच भाऊ बारा किलोचा होतो. एकाचे केस वर्षभर घरभर उडतात, दुसऱ्याचे अगदी थोडे. 'मोठं होऊन असंच राहील' असं पिल्लू देणारा जे सांगतो, तो त्याचा अंदाज असतो.

संकर नीट साधायचा तर काय कष्ट पडतात याचा दाखला परभणीतच आहे. कृषी विद्यापीठात देवणी गाय आणि होल्स्टिन फ्रिजियन यांच्या संकरातून 'होलदेव' गायी तयार केल्या गेल्या. त्यासाठी पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवल्या, दूध मोजलं, कोणाचा वंश पुढे न्यायचा ते ठरवलं. कुत्र्यांच्या बाबतीत आपल्याकडे अशा नोंदी कोण ठेवतं? परदेशातही हे सोपं गेलेलं नाही. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन हे अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत काम करत. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास व्हायचा. कॉनरन यांनी १९८९ मध्ये लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. पिल्लं झाली तीन, आणि त्या गृहस्थांना त्रास झाला नाही तो त्यातल्या एकाचाच. पण 'लॅब्राडूडल' हे नाव जगभर गाजलं, लोक वाटेल तशा जोड्या लावून पिल्लं विकू लागले, आणि कॉनरन यांनी पुढे या सगळ्याबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला.

क्रॉसचं कुत्रं कणखर, त्याला रोग होत नाहीत, असं सर्रास बोललं जातं. यात थोडं तथ्य आहे. काही आनुवंशिक आजार आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तरच उमटतात, आणि वेगळ्या वंशांच्या संकरात तशी गाठ पडण्याची शक्यता कमी होते. पण लहान कुत्र्यांचे काही दोष सगळ्याच लहान जातींत आहेत. गुडघ्याची वाटी सरकणं हा त्यातला मुख्य. कुत्रं पळता पळता मागचा एक पाय उचलून चार पावलं लंगडीवर टाकतं आणि पुन्हा चौखूर पळायला लागतं. घरातली मुलं हसतात. हे दिसलं की डॉक्टरांना दाखवावं आणि पलंगावरून, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत. दातांवर किटण साचणं हा दुसरा दोष. इवल्याशा जबड्यात सगळे ४२ दात दाटीवाटीने बसतात, म्हणून लहानपणापासून बोटाला फडकं गुंडाळून दात पुसायची सवय लावलेली बरी.

लहान चण आली कुठून, याचं उत्तर शास्त्रज्ञांना २००७ मध्ये मिळालं. आयजीएफ-१ नावाच्या एका जनुकातला छोटा फरक लहान जातींच्या कुत्र्यांत जवळपास सर्वत्र सापडला. माणसाने निवड करून करून हा फरक घडवला असावा असं तेव्हा वाटत होतं. २०२२ मध्ये कळलं, की लहान चणीशी जोडलेला हा फरक ५४ हजार वर्षांपूर्वीच्या सैबेरियातल्या लांडग्यातही होता. कुत्रं माणसाळण्याच्या कितीतरी आधीपासून तो होता. माणसाने फक्त त्याला वाढू दिलं.

आणि स्वभाव? 'पॉम भुंकतं', 'ल्हासा चावतं', 'पग आळशी' अशी वाक्यं आपण सहज बोलून जातो. त्याच २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं वाचून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली निम्मी कुत्री क्रॉसची होती. एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, यातला फक्त सुमारे ९ टक्के भाग जातीने सांगता येतो, असं त्यातून दिसलं. बाकीचं त्या एकट्या कुत्र्याचं असतं आणि त्याच्या वाट्याला आलेल्या दिवसांचं. माझ्या मते कुत्रं घेणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. पिल्लाची जात विचारण्यात घालवलेला वेळ त्याच्या आईजवळ बसण्यात घालवावा. आई अनोळखी माणसाला जवळ येऊ देते का, पिल्लांना रोज कुणी उचलतं का, की ती गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर पडून असतात, यावरून पुष्कळ कळतं.

या वाट्याला आलेल्या दिवसांवर फार जुनं आणि फार चांगलं काम झालेलं आहे, तेही संकरावरच. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी लाडिक कॉकर स्पॅनियल आणि बुजरे बसेंजी यांचे संकर करून वर्षानुवर्षं पिल्लं पाहिली. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं, या काळात ज्या माणसांची आणि आवाजांची ओळख होते ती जन्मभर पुरते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या कायद्यातही याचा विचार आहे. २०१७ च्या कुत्रे पैदास व विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आईजवळ आणि भावंडांत तेवढे दिवस राहिलेलं पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे तिथेच शिकतं.

म्हणजे आपल्या हातात उरतात ते चार-पाच आठवडे. या दिवसांत लसी पुऱ्या झालेल्या नसतात, म्हणून पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही, पण कडेवर घेऊन फिरवता येतं. मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, ऑटोचा हॉर्न, मशिदीवरचा आणि देवळातला भोंगा, पटका बांधलेले आजोबा, बुरखा घातलेली शेजारीण, हेल्मेट घातलेला माणूस, रवंथ करणारी म्हैस, शाळा सुटल्यावरचा गलका: हे सगळं लांबून, मांडीच्या आधाराने, हातात शेंगदाण्याएवढा भाकरीचा तुकडा धरून दाखवायचं. घाबरलं तर मागे सरायचं. सहा महिन्यांनी दारावर येणाऱ्या प्रत्येकावर भुंकणारं कुत्रं आणि एकदा भुंकून गप्प बसणारं कुत्रं यांतला फरक बराचसा इथे ठरतो.

आता त्याच्या लडिवाळपणाकडे येऊ. या कुत्र्याला आपल्या घरात कुठे बसायचं असतं ते पाहा. अंगणात नाही, ओसरीतही नाही. जिथे माणसं जास्त तिथे, आणि त्यातही असं, की कुणाच्या तरी पायाला पाठ टेकलेली राहील. आजी लसूण सोलत बसली की तिच्या मांडीला लागून. ती उठली की हे उठतं, ती बसली की हे बसतं. "ह्याला काय पायजे, मानूस पायजे," असं एका आजींनी मला सांगितलं, आणि त्याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. ज्या घरात सोवळं पाळतात तिथे स्वयंपाकघर आणि देवघर त्याला बंद असतं. हे ते महिनाभरात शिकतं. पुढचे दोन्ही पाय अगदी उंबऱ्याला लावून, पोट जमिनीला टेकवून, नाक तेवढं आत करून ते पडून राहतं. कुणी हटकलं तर नाक दोन बोटं मागे जातं.

उंबऱ्यावरून आपल्याकडे लागलेली त्याची नजर काय करते तेही मोजून झालं आहे. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की कुत्रं आणि त्याचा मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात जे संप्रेरक काम करतं तेच हे. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत असं झालं नाही. २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. भुवईची आतली बाजू वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक असतो, लांडग्यांत तो जवळजवळ नसतो. ताटाशेजारी बसून जी नजर आपल्याला विरघळवते ती या स्नायूची.

कुत्र्याला घासातला घास देण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. खंडोबाच्या आणि दत्ताच्या तसबिरीत कुत्रा असतो. मानवतहून फार लांब नसलेलं नरसी, आज हिंगोली जिल्ह्यात असलं तरी १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं. त्या नरसीच्या नामदेवांची गोष्ट घरोघरी सांगतात. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली उतरणार कशी म्हणून. घरातल्या वडीलधाऱ्यांचा कुत्र्याला विरोध असेल तर त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ही गोष्ट त्यांच्याच तोंडून नातवंडांना सांगायला लावावी. मी हे होताना पाहिलं आहे.

या चिकटून राहण्याची दुसरी बाजू अवघड आहे. मराठवाड्यातल्या घरात एरवी कुणी ना कुणी असतंच, म्हणून कुत्र्याला एकटं राहायची सवयच होत नाही. मग मे महिन्यात लग्नसराई येते, सगळं घर एका दिवसासाठी वऱ्हाडात जातं आणि मागे कुलूप लागतं. परत येऊन पाहावं तर दाराची चौकट ओरबाडलेली, चपला फाडलेल्या, घरात मुतलेलं. लोक म्हणतात, सूड उगवला. सूड वगैरे काही नसतो, ते भेदरलेलं असतं. त्याला एकटं राहायला शिकवावं लागतं. आधी दोन मिनिटं, मग दहा, मग तासभर, आणि जाताना-येताना मोठा गाजावाजा न करता. दिवसभर जायचंच असेल तर ओळखीच्या शेजाऱ्याकडे ठेवावं. फाटकाशी साखळीने बांधून ठेवणं हा उपाय नाही. माणसाजवळ राहण्यासाठीच वाढलेलं कुत्रं बांधलं की दिवसभर केकाटतं, आणि चार महिन्यांत चावायला लागतं.

मानवतला कुत्रं पाळणाऱ्याची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४२-४४ अंशांवर सहज जातो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा सुकतो आणि रक्त थंड होतं. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो, आणि जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर ज्या कारणाने निकामी होतो त्याच कारणाने धापही कमी पडायला लागते. म्हणून पहिल्या पावसाच्या आधीचे उकाड्याचे आठ-दहा दिवस मे महिन्यापेक्षा धोक्याचे असतात. ज्याच्या मिसळीत पग किंवा शिह त्झू आहे, नाक बसकं आहे, त्याला तर आणखी.

जुनं माळवदाचं घर असेल तर कुत्रं नशीबवान. जाड भिंती, वर मातीचा थर, दुपारी आतली फरशी गारच असते. ते स्वतःच जागा शोधतं, पोट फरशीला लावून मागचे पाय बेडकासारखे पसरून पडतं. पत्र्याच्या खोलीत मात्र त्याला दुपारी अजिबात ठेवू नये. फिरायला न्यायचं ते सकाळी सहाच्या सुमारास आणि रात्री रस्ता निवल्यावर. डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून पाहावी. पाच-सात सेकंद टिकत नसेल तर कुत्र्याचे पायही तिथे भाजतात. उन्हाळा आला म्हणून वस्तऱ्याने सगळे केस काढून टाकण्याची चूक पुष्कळ जण करतात. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर विंचरून काढला की हवा खेळते, वरचा लांब थर उन्हापासून त्वचा वाचवतो. तो भादरला तर कधी कधी नीट परतही येत नाही.

कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, त्यामुळे आपल्याला ते गरम लागणारच. पण धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली आहे, हिरड्या लालभडक दिसतात, चालताना झोकांड्या जातात, अशी चिन्हं दिसली तर ते उष्माघाताचं लक्षण. तेव्हा आधी अंग थंड करायचं आणि मग दवाखाना गाठायचा. सावलीत आणून नळाचं साधं पाणी अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघांत, ओतत राहायचं आणि पंखा लावायचा. ओलं फडकं गुंडाळून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवावं, पण घशात ओतू नये.

पाऊस पडला की गोचीड. लहान क्रॉस कुत्र्यांचा इथला सगळ्यात मोठा शत्रू मला हाच वाटतो. कुत्र्यावरचं तपकिरी गोचीड गुरांवरच्या गोचिडापेक्षा वेगळं असतं आणि ते घरात संसार थाटतं. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंत चढते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. माळवदाच्या ज्या भिंती उन्हाळ्यात कुत्र्याला वाचवतात, त्याच भिंतींच्या भेगा गोचिडांना आसरा देतात. म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध करून भागत नाही. भेगा बुजवणं, त्याचं अंथरूण उकळत्या पाण्यात धुणं, कोपरे झाडणं हे सगळं एकाच आठवड्यात करावं लागतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्याला मांडीवर घेऊन चाचपावं. कानाच्या पाळीची घडी उलटावी. पायाच्या प्रत्येक बोटाची बेचकी उघडून पाहावी. पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवावीत. डोळ्यांआधी बोटाच्या टोकाला ते लागतं. केसांच्या बुडाशी एक टणक, गुळगुळीत उंचवटा, आणि केस बाजूला सारले की त्वचेत तोंड खुपसून बसलेलं राखाडी अंग. चिमटा त्वचेला लावून अगदी तोंडाशी धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचा. रॉकेल लावू नये, काडी लावू नये, बोटांत चिरडू नये. काढलेलं गोचीड साबणाच्या पाण्यात टाकावं. या वेळी पोट खाजवून घ्यायला मिळतं म्हणून कुत्रंही या दहा मिनिटांची वाट पाहायला लागतं.

गोचिडातून एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन आजार येतात. कुत्रं जेवण सोडतं, ताप चढतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, कारण रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात. रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बऱ्याचदा निदान होतं, आणि वेळेवर औषध सुरू झालं तर कुत्री बरी होतात. यासाठी परभणी गाठावी. १९७२ पासून तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मानवतहून कल्याण-निर्मल महामार्गाने ते तासाभराच्या आत येतं. गुरांसाठी आणलेलं गोचिडाचं इंजेक्शन किंवा अंगावर ओतायचं औषध कुत्र्याला अंदाजाने देण्याची पद्धत खेड्यापाड्यांत आहे. ती जिवावर बेतते. तीनशे किलोच्या बैलाचा डोस सहा किलोच्या जिवासाठी अंदाजाने कमी करता येत नाही. त्यात आयव्हरमेक्टिनसारखं औषध काही वंशांच्या कुत्र्यांना थोड्या प्रमाणातही बाधतं, आणि आपल्या कुत्र्याच्या मिसळीत कोणता वंश आहे हे आपल्याला माहीत नसतं.

लसींचं थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होची लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा, तिसऱ्या महिन्यात रेबीजची आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. पार्व्होत रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, म्हणून तिथे टाळाटाळ नको. रेबीजबद्दल तर तडजोडच नको. घरातलं, लाडाचं, मांडीवरचं कुत्रं असलं तरी त्याचा दात किंवा नख लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी आणि सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना विचारावं. चुना, हळद, तिखट असलं काही भरू नये. लहान मुलांना एवढं नक्की शिकवावं, की ओरखडा लपवायचा नाही, घरी सांगायचा.

खाण्यात फार अवघड काही नाही. भाकरी, भात, उकडलेलं अंडं, शिजवलेलं चिकन, दही चालतं. नुसत्या दूध-भाकरीवर वाढलेल्या पिल्लाला प्रथिनं कमी पडतात. पण आपलं कालवण त्याच्या ताटलीत ओतू नये. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर परिणाम दिसतो. म्हणजे सहा किलोच्या कुत्र्याला एक बऱ्यापैकी कांदा पुरे. द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट हृदयाला. दिवाळीत पाहुणे कौतुकाने करंजी-चकली भरवतात. लहान कुत्र्याच्या स्वादुपिंडाला तेवढं तूप-तेल झेपत नाही. पाहुण्यांना नको म्हणायची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी, भिडस्तपणा न करता.

मादी असेल तर नसबंदीचा निर्णय पहिल्या वर्षीच घ्यावा. '६३ दिवसांनी पिल्लं होतील, वाटून टाकू' असं म्हणणं सोपं असतं. त्या पिल्लांत कोण किती मोठं होईल हे आपल्याला सांगता येणार नाही, हे वर आलंच आहे. 'पॉम' म्हणून नेलेलं पिल्लू बारा किलोचं झालं की नेणारा ते परभणी रोडच्या एखाद्या ढाब्यावर सोडून येतो. माणसात वाढलेल्या त्या कुत्र्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या टोळीत जागा मिळत नाही, ते तिथे फार दिवस जगत नाही.

लहान चणीची कुत्री बारा ते पंधरा वर्षं जगतात. पाचवीतल्या मुलासाठी आणलेलं कुत्रं त्या मुलाचं इंजिनिअरिंग होईपर्यंत असतं, आणि तोवर मुलगा पुण्यात असतो. मग घरात उरतात आई-वडील आणि मोतीबिंदूने डोळे दुधाळलेलं, कानाने कमी ऐकणारं कुत्रं. मुलगा म्हणतो, मी पुण्याला घेऊन जातो. सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही, तसं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलेलं आहे, त्यामुळे नियमाची अडचण नसते. तरीही माझं मत त्याला मानवतलाच ठेवावं असं आहे. आंधळं होत चाललेलं कुत्रं घर पावलांनी आणि वासाने ओळखतं. पलंग, पाण्याचं भांडं, उंबरा जागच्या जागी राहिला तर ते बिनचूक वावरतं. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दिवसाचे दहा तास एकट्याने, त्याला हे सगळं नव्याने शिकता येत नाही. मुलाने करायचं ते वेगळं: महिन्यातून एकदा गावी यावं, त्याला परभणीला तपासून आणावं, नखं कापावीत, आणि रोजचं गोचीड पाहणं आई-वडिलांच्या डोळ्यांना जमत नसेल तर गल्लीतल्या एखाद्या शाळकरी पोराला महिन्याचे पैसे देऊन ते काम लावून द्यावं. असं पोर गल्लीत मिळतं. बहुतेक वेळा ते आधीपासूनच कुत्र्याशी खेळायला येत असतं.